टोळीचा आकडा

मी चौथीपर्यंत शाळेत गेलतो, तरी पोराचं काम मला एका फोनमध्ये कळलं. तो पुण्याला कंप्युटरवर असतो. त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाची तिथी सांगायला मी फोन केला.

"आबा, त्या आठवड्यात माझी ड्युटी हाय. बघतो."

"असलं कसलं काम?"

मग त्यानं समजावलं. मोठं काम लहान लहान डब्यांत वाटलेलं असतं. डबे म्हणजे प्रोग्रॅमचेच. किती डबे चालू पाहिजेत ते एकदा लिहून द्यायचं, समजा दहा. त्यांच्यावर एक राखणदार, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो सारखा बघत राहतो. नऊ दिसले की एक नवा उभा करतो, अकरा झाले तर एक काढून टाकतो.

"पडलेल्याचं काय?"

"टाकून देतो. कामून पडला ते इचारीत न्हाई. गिऱ्हाइकाला कळतबी न्हाई, तीच तर कला हाय."

त्याच्या आवाजात लई मोठेपणा होता. माझ्या डोळ्यापुढं मुकादम आला.

आमच्या शिरूरकडची माणसं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाला टोळीत किती कोयते पाहिजेत ते वरून ठरवून दिलेलं असतं. एका हंगामात बायको तापानं पाचटाच्या कोपीत पडली. मी एकटा फडात उतरलो.

मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता मला कशाला, बे? तिला घे आन् गावाकडं जा."

"दोघांचा ऊस मी एकटा तोडतो."

त्यानं ऐकलं नाही. दुपारच्या ट्रॅक्टरनं वडवणीकडचं एक जोडपं आलं. आमचं सामान बाहेर निघालं आणि त्या बाईनं आमच्याच चुलीवर भाकरी टाकल्या. तिचा काय दोष? आम्ही निघताना तिनं आम्हाला दोन भाकरी बांधून दिल्या. मी नको म्हणालो. बायकोनं घेतल्या. ऊस रोजच्यासारखा कारखान्यावर गेला. तिथं कुणाला काय कळणार?

हे पोराला सांगितलं.

"आबा, ते डबे हायत, मानसं न्हाईत."

"ठावं हाय मला. पर समदं आपोआप होतंय, तर तुला कामून बसवलंय?"

तो हसला. "राखणदारबी कधीमधी अडकतो. मंग आमी बघतो."

"आन् तू पडलास तर?"

"दुसरा बसंल."

"मंग ये की."

"तसं नसतंय, आबा."

तिथीला तो आला नाही. गुरुजी म्हणाले, भावकीतला कोणीही चालतो. पुतण्या अंघोळ करून तयारच होता. गुणी पोरगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण पोटचा जिता असताना त्याच्या पाटावर मी दुसरा बसू दिला नाही.

"विधी खोळंबेल," गुरुजी म्हणाले.

"खोळंबू द्या."

भावकीनं माझी समजूत घातली, मग नाद सोडला. गुरुजी पिशवी उचलून गेले. स्वयंपाक झालेला होता, तो लोकांनी मुकाट्यानं खाल्ला. मी जेवलो नाही.

तिसऱ्या प्रहरी पोराचा फोन आला. "आबा, झालं का समदं नीट?"

"न्हाई झालं," म्हणालो आणि ठेवला.