किल्ला जिम्मेदार नाय

दौलताबादचा किल्ला चढायचा तर अंधारी चुकत नाही. डोंगराच्या पोटातून काढलेली ती वळणावळणाची वाट. आत उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा वास आणि भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. पूर्वी शत्रू आत शिरला की बाहेर येत नसे, असं सांगतात. आता तिथं सहली शिरतात, आणि त्यांना धडधाकट बाहेर काढायचं काम कचरू साळवेचं. कचरू तिथला गाईड. डोक्याला निळी टोपी, हातात बॅटरी, आणि आवाज असा खणखणीत, की खाली चांदमिनारपाशी उभ्या असलेल्यालाही कळावं, वर कुणाची तुकडी चालली आहे.

सनावळ्या सगळेच गाईड सांगत. मेंढा तोफही सगळेच दाखवत. कचरूचा खरा माल होता अंधारीत. दुसऱ्या वळणावर तो बॅटरी विझवायचा. कुणीतरी किंचाळायचं, मग सगळे चिडीचूप व्हायचे, आणि नेमक्या त्या वेळी कचरू खर्जातल्या आवाजात म्हणायचा, "आता ज्यानं त्यानं आपापल्या बायकूचा हात धरा. अंधारात बदल झाला तर किल्ला जिम्मेदार नाय." अख्खी अंधारी हसायची. परदेशी पाहुण्यांसाठी त्याने याची इंग्रजी आवृत्तीही काढली होती. "होल्ड युवर ओन वाईफ, सर. चेंज हो गया तो फोर्ट नो रिस्पॉन्सिबल." यावर जर्मन हसले होते, जपानी हसले होते, आणि एक निवृत्त न्यायाधीश तर इतके हसले होते की त्यांना पायरीवर बसवून पाणी पाजावं लागलं होतं.

त्याची बायको भामाबाई पायथ्याशी सीताफळं आणि पेरू विकायची. तिला हा विनोद ऐकून ऐकून वीट आला होता. "आवो, दुसरं कायतरी काढा की आता," ती म्हणायची. पण तीसेक वर्षं ज्यावर माणसं हसत आली, ते कोण बदलणार? कचरू साफ नाही म्हणायचा.

त्यांचा मुलगा धम्मपाल आधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथून तो पश्चिम आफ्रिकेत, घाना देशात गेला. टेमा नावाच्या बंदराच्या गावी त्याला काम मिळालं, मग बायको मोनालीलाही त्याने नेलं. एका डिसेंबरात त्याने आईबापाला तिकिटं पाठवली. मुंबई, तिथून आदिस अबाबा, तिथून अक्रा. विमानात भामाबाई खिडकीला नाक लावून बसली. कचरूने मात्र हवाईसुंदरी सुरक्षेचं सांगत होती ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मत दिलं, "पोरगी पाठ केलेलं बोलती. माणसाच्या तोंडाकडं बघत नाय."

तिथं पोचल्यावरही त्याचं हेच चाललं. मोनालीने सासू-सासऱ्यांना दाखवायच्या जागा हौसेने ठरवून ठेवल्या होत्या. अक्र्यातली स्वातंत्र्याची मोठी कमान पाहिली, समुद्रकाठचा जुना दीपस्तंभ पाहिला. कचरू जागेकडे कमी आणि गाईडकडे जास्त बघायचा. हा भिंतीशी बोलतोय, तो घड्याळ बघतोय, असे शेरे चालू. मोनाली शेवटी हसून म्हणाली, "मामा, तुम्ही फिरायला आलाय का परीक्षा घ्यायला?"

भामाबाईचं तसं नव्हतं. ती खुलली मकोला बाजारात. अक्र्याचा हा मोठा बाजार पाहून कचरू म्हणाला, "हे तर आपलं शहागंज," आणि ते फार चुकीचं नव्हतं. तीच गर्दी, तोच गलका, रंगीबेरंगी कापडाचे तसेच ठेले. फक्त इथं राज्य बायकांचं होतं. डोक्यावर घमेली घेऊन बायका अशा सरसर वाट काढत होत्या की भामाबाई जागच्या जागी थबकली. पुढे एका बाईने टोमॅटो मांडले होते, आणि तिच्याकडे तराजू नव्हता. लहान लहान ढीग रचलेले, ढिगाचा भाव ठरलेला.

"आगं, ही तर वाटे लावती," भामाबाई म्हणाली. सीताफळांचे असेच वाटे लावण्यात तिचा जन्म गेला होता. ती सरळ खाली बसली, एका ढिगावर बोट ठेवलं, चेहरा पाडला, उठल्यासारखं केलं, पुन्हा बसली. त्या बाईनेही तोंड वाकडं केलं, हात उडवले, आकाशाकडे पाहिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि सौदा मात्र रंगत चालला होता. पटल्यावर भामाबाईने पिशवी उघडी ठेवून मराठीतच सांगितलं, "वर घाल की." त्या बाईने हसत हसत वर दोन टोमॅटो टाकले. इथंही वर घालायची रीत होती. भामाबाई दिवसभर त्या दोन टोमॅटोंबद्दल बोलत राहिली.

मग ते केप कोस्टला गेले. समुद्राला खेटून उभा असलेला तो पांढराशुभ्र किल्ला आणि समुद्रावर रोखलेल्या तोफांची रांग बघून कचरूची छाती फुगली. किल्ला म्हटल्यावर तो घरीच आल्यासारखा चालू लागला. मोनाली वाटेत बरंच सांगत होती, पण याने बुरुज मोजायच्या नादात निम्मं ऐकलं नाही. इथला गाईड होता कोजो. चाळिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा. बोलताना तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा. "गडी तयारीचा हाय," कचरू भामाबाईच्या कानात म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी पदवी होती.

कोजो सगळ्यांना उतारावरून खाली घेऊन गेला. दगडी कोठड्या, कमानी, वर हातभर झरोका. माणसांना धरून आणून, इथं कोंडून, मग जहाजांत भरून समुद्रापार विकलं जात होतं, असं तो सांगत होता. कचरूला इंग्रजी धंद्यापुरतं येई, म्हणजे राजा, तोफ, पायरी, डोकं सांभाळा. बाकीचं त्याच्या डोक्यावरून गेलं. मग कोजोने दिवा बंद केला. गच्च काळोख झाला. कोजो काहीच बोलेना.

कचरूचा जीव कासावीस झाला. दिवा विझवून गाईड गप्प, म्हणजे गडी वाक्य विसरला. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला असा उघडा पडू देत नाही. कचरूने घसा साफ केला आणि आपला खणखणीत आवाज लावला, "होल्ड युवर ओन वाईफ, सर. चेंज हो गया तो फोर्ट नो रिस्पॉन्सिबल."

कुणी हसलं नाही. काळोखात एक बाई हुंदके देत होती, ती तेवढी ऐकू आली. दिवा लागला. अमेरिकेहून आलेली एक म्हातारी भिंतीवर हात ठेवून रडत होती. तिचे पूर्वज अशाच कुठल्या कोठडीतून गेले होते. सगळे कचरूकडे बघत होते. कोजोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुढे चालू लागला.

बाहेर आल्यावर धम्मपालने बापाला सगळं मराठीत समजावलं. कोठडीतून समुद्राकडे उघडणारं एक दार होतं. त्यातून बाहेर गेलेला माणूस परत कधीच येत नसे, म्हणून त्याचं नावच तसं पडलं होतं. कचरूला त्या दारातून पलीकडे जाववेना. "तुमच्या तोंडाला तरी एखादं दार बसवायचं होतं," भामाबाई म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून तिने विषय सोडला.

त्या दिवशी कचरू जेवला नाही. दुसऱ्याच्या कामात आपण माती कालवली, तीही कुठं, तर जिथं माणसं तडफडून मेली तिथं, हे त्याच्या मनातून जाईना. सकाळी सगळ्यांना कुमासीला निघायचं होतं. तिथला केजेटिया बाजार म्हणे एवढा मोठा की माणूस हरवावा. मोनालीला तो सासूला दाखवायचाच होता. कचरू म्हणाला, "तुम्ही जा. मला त्या गड्याला भेटायचंय. तोंड न दाखवता गेलो तर मी पुन्हा अंधारीत पाय ठेवू शकणार नाय." मोनालीने तोंड फुगवलं. भामाबाईने पिशवी उचलली. "बाजार काय पळून जातो का? पण रिकाम्या हातानं नाय जायचं," ती म्हणाली आणि केप कोस्टच्या बाजारातून संत्र्यांचा वाटा घेऊन आली. वर दोन घालून घेतलीच होती.

कोजो तोफांपाशी बसला होता. कचरूने संत्र्यांची पिशवी पुढे केली, टोपी काढली आणि म्हणाला, "आय ऑल्सो गाईड. इंडिया. फोर्ट. सेम डार्क. आय थिंक यू फर्गेट. आय हेल्प. सॉरी, ब्रदर." बाकीचं धम्मपालने इंग्रजीत सांगितलं. कोजो ऐकत राहिला. मोबाईलवर अंधारीचे फोटो पाहिले. मग त्याने विचारलं, "तुमच्या अंधारात काय झालं होतं?"

"माणसं मारली," कचरू म्हणाला. "लढाईत."

"आणि तिथं लोक हसतात?"

"मी हसवतो."

कोजोने मान हलवली. त्यात राग नव्हता. त्याने बोट करून दाखवलं, त्या कोठडीच्या बरोबर वर गोऱ्या साहेबांचं प्रार्थनाघर होतं. खाली माणसं कोंडलेली आणि वर प्रार्थना चालू. हे ऐकून कचरू एकदम धम्मपालला म्हणाला, "त्याला सांग, माझ्या आज्याला गावच्या आडावर पाणी भरू देत नव्हते. आडाला लागून देऊळ होतं. आतमधी भजन चालायचं, आन् माझा आजा बाहेर रिकामी घागर घेऊन उभा." धम्मपालने सांगितलं. बापाने हे त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

कोजो उठला. पुढची तुकडी आली होती. कोठडीच्या दाराशी त्याने कचरूला बटनापाशी उभं केलं आणि म्हणाला, "आज दिवा तुम्ही बंद करा."

कचरूने दिवा बंद केला. आयुष्यभर तो काळोख करत आला होता, पण काळोखात गप्प असा कधी उभा राहिलाच नव्हता. आधी लोकांचे श्वास ऐकू आले. मग भिंतीपलीकडचा समुद्र. मग त्याला आजा आठवला, घागर आठवली, आणि त्याला रडू कोसळलं. त्याने ते आवरलं नाही. कोजोने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने दिवा लावला.

परत आल्यावर दौलताबादला जो तो विचारी, काय काय आणलं? भामाबाईने मोनालीने दिलेलं छापील कापड आणलं होतं आणि ती टोमॅटोवालीची नक्कल करून दाखवायची. आता अंधारीत काय करायचं, हे कचरूला ठरवता येईना. विनोद सोडावा तर पोटाचं काय? आणि करावा तर कोजोला काय तोंड दाखवणार? पहिले काही दिवस तो फक्त तोफा दाखवून तुकडी दुसऱ्या गाईडच्या, सर्जेरावच्या, हवाली करत होता.

मग जालन्याचं एक मोठं कुटुंब आलं. त्यातले एक रामकिसन नावाचे जाडजूड गृहस्थ आधी कधीतरी येऊन गेलेले. "ते 'हात धरा'चं ऐकवायला मुद्दाम आणलंय सगळ्यांना," ते म्हणाले. कचरू त्यांना घेऊन आत शिरला. दुसऱ्या वळणावर थांबला. "हितं लई माणसं मेली," तो म्हणाला. "कुणाची होती, कुठली होती, कुणालाच ठावं नाय. जरा वेळ गप राहू त्यांच्यासाठी." आणि त्याने बॅटरी विझवली.

कुणी किंचाळलं नाही. पाणी ठिबकत होतं, वटवाघळं फडफडत होती, आणि माणसं एकमेकांना चाचपत जवळ सरकत होती. कुटुंबातली एक म्हातारी काळोखातच हळू म्हणाली, "त्यांच्या आया वाट बघत बसल्या असतील." कचरूने बॅटरी लावली. सगळे मुकाट्याने पायऱ्या चढून वर उजेडात आले. रामकिसनराव सर्वांत शेवटी आले. डोळे मिचकावत, घट्ट हात धरून. हात सासूबाईंचा होता.

कचरूला हसू आवरेना. त्याने आपला खणखणीत आवाज लावला, "पाव्हणं, बदल झाला. किल्ला जिम्मेदार नाय." सासूबाईच आधी हसल्या, मग बायको, मग जावई. एवढा हशा अंधारीत कधी पिकला नव्हता. उजेडात ज्याचं त्याचं तोंडही दिसत होतं.

कुटुंबातल्या कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. कचरूने ते मागून घेतलं आणि धम्मपालकडून कोजोला पाठवलं. अर्धा वेळ पडदा काळाच, नुसतं पाणी ठिबकतंय, आणि मग उजेड आणि हशा. दोन दिवस उत्तर आलं नाही. कचरू सारखा मोबाईल बघायचा.

तिसऱ्या दिवशी, भामाबाई पेरूंचे वाटे लावत असताना, तिच्या गाड्यापाशीच ते उत्तर वाजलं. आधी समुद्राचा आवाज आला. मग कोजोचं हसणं, मोकळं, थांबता थांबेना असं. आणि मग कचरूच्याच आवाजाची नक्कल करत तो म्हणाला, "सॉरी, ब्रदर. फोर्ट नो रिस्पॉन्सिबल."

कचरूने डोळे पुसले. भामाबाई म्हणाली, "परत लावा एकदा."