माझ्या टाकीतली टकटक

परवा भर दुपारी आमच्या नाहूरच्या हॉलमध्ये कुणीतरी काच ठोकली... टक. थोड्या वेळाने परत टक. आवाज येत होता थेट माझ्या ॲक्वेरियममधून.

दीड महिन्यापूर्वी मी ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. अजून मासा एकही नाही, नुसतं मीठ मिसळलेलं पाणी आणि मालाडच्या दुकानातून आणलेला लाइव्ह रॉक, म्हणजे आत जीवजंतू असलेला समुद्रातला दगड. आईच्या मते मी हौसेने दगड पाळलाय.

पण गेल्या आठवड्यात काचेवर पांढरे ठिपके पळायला लागले आणि मी वेडीच झाले. ऑफिसचे कॉल म्यूट करून भिंग घेऊन बसायचे. ते कोपेपॉड निघाले, माशांचं आयतं खाणं! मग एक केसाळ किडा, मग नखाएवढी गोगलगाय... रोज नवा पाहुणा, रोज त्याचं नाव शोधायचं. झकास चाललं होतं.

आणि आता ही टकटक. हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं, तर बहुतेकांचं म्हणणं, मॅन्टिस श्रिंप, म्हणजे ठोसे मारणारा शिकारी जीव असणार, रविवारी आणणार आहेस ते मासे फाडून खाईल. दगड काढ, गोड्या पाण्यात बुडव. एकजण म्हणाला, पिस्तूल कोळंबीही असू शकते, एकच नांगी मोठी असते आणि तीच ती वाजवते, पण माशांच्या वाटेला जात नाही. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि जे काही होतं, ते दगडातल्या बिळातून बाहेर यायला तयार नव्हतं.

गोड्या पाण्यात दगड गेला असता तर माझे सगळेच पाहुणे मेले असते. बादली भरून ठेवली, पण हात पुढे होईना. खरं सांगते, रडायला आलं.

आई मूळची मालवणची. तिने बादली बघितली, माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाली, "थांब गो. तेका भायर काढूचा आसा मा? मग मारतंस कित्याक?"

तिने बरणीतल्या सोड्यांमधला, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीतला, एक भिजवला, दोऱ्याला बांधला आणि बिळासमोर सोडला. लहानपणी समुद्रकाठच्या खडपातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, अशाच बाहेर काढायची म्हणे. दोरा जरा हलवायचा, जरा थांबायचं... मी श्वास रोखून मोबाईल धरून उभी.

दहा मिनिटांनी दोन मिशा दिसल्या. मग एक भलीमोठी नांगी, आणि दुसरी अगदीच चिमुकली. पिस्तूल कोळंबीच होती ती! मी नाचत जाऊन बादली मोरीत ओतली.

परत येते तर आई गुडघ्यावर हात देऊन उठत होती, दुसरा सोडा आणायला. "हिका भूक लागली आसतली गो."

थँक्यू आई... मी तिचं नाव शोधत बसले होते, तू तिला जेवायला बोलावलंस.