नवरीकडचा केक

नात जोसेटचं लग्न ठरलं तेव्हा ओडिलियानं नवऱ्यामुलाची फारशी चौकशी केली नाही. मुलगा विंडवर्ड गावचा, होड्या बांधणाऱ्या घरातला, पोटापुरतं कमावणारा, हे तिच्या कानावर आलेलंच होतं. तिनं विचारलं ते एवढंच, की त्यांच्याकडचा केक कोण करणार. "एझ्मिना आजी. विंडवर्डमध्ये दुसरं आहे कोण?" जोसेट म्हणाली. ओडिलियानं मान डोलावली, आणि त्याच दुपारी मनुका, सुके आलुबुखार आणि चेरी बारीक चिरून मोठ्या बरणीत रम ओतून भिजत घातली. लग्नाला अजून वर्ष होतं.

कारियाकू बेटावर लग्न लागतं चर्चमध्ये, पण खरं लग्न होतं ते नंतर रस्त्यावर. एक केक नवरीच्या घरून निघतो, एक नवऱ्याच्या घरून. दोघांकडचे नाचे आपापला केक तबकासकट डोक्यावर घेतात, ढोल आणि फिडल वाजायला लागतं, आणि दोन्ही केक समोरासमोर नाचतात. पुढे येतात, मागे सरतात, वाकून एकमेकांना सलाम करतात. मग केक कापले जातात, आणि कुणाचा सरस यावर गाव पुढचे कित्येक महिने भांडतं. नवऱ्यानं बायकोला नांदवलं की नाही याची एवढी चर्चा होत नाही.

ओडिलियाच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईनं केक केला होता. माउलीला त्यातलं फारसं गम्य नव्हतं. नाच ऐन रंगात आला आणि केकला मधोमध भेग पडली, एक मोठा तुकडा घसरून धुळीत पडला. समोर नवऱ्याकडचा केक होता, अखंड, ताठ. तो केला होता नवऱ्याच्या, केन्यूटच्या, थोरल्या बहिणीनं, एझ्मिनानं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "यांच्या घरी केक करतात, की वाळूचे किल्ले बांधतात?" रस्ताभर हशा पिकला. ओडिलियाची आई त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर ओडिलिया केक शिकली. कुणी शिकवलं नाही. शिकवू शकणारी एकच होती, आणि तिच्या दारात जाण्यापेक्षा ओडिलियानं समुद्रात उडी घेतली असती. बिघडलेले केक शेळ्यांनी खाल्ले, शेळ्या कंटाळल्यावर केन्यूटनं खाल्ले. बिचारा बायको आणि बहीण यांच्या कात्रीत सापडलेला माणूस. कुणाचा केक चांगला, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.

हळूहळू असं झालं की ओडिलियाच्या गावाकडे, लेस्तेरच्या बाजूला, कुठलीही मुलगी लग्नाला उभी राहिली की ओडिलियाला बोलावणं यायचं, आणि विंडवर्डचा मुलगा असला की एझ्मिनाला. कितीतरी लग्नांत या दोघींचे केक एकमेकांसमोर नाचले. लोक दोन्ही खायचे आणि बोटं चाटायचे. एझ्मिना मात्र ओडिलियाच्या केकचा तुकडा हातरुमालात गुंडाळायची, "पोटात जागा नाही गं" म्हणायची आणि घरी घेऊन जायची. घरी कोंबड्यांना घालते, असं सांगणारेही होते. ओडिलियासमोर तिनं कधी एक घास तोंडात घातला नाही.

ओडिलियाला हवं होतं ते इतकंच. गावानं काय वाहवा करायची ती केली होती. पण ज्या तोंडानं आईची अब्रू काढली, त्या तोंडानं एकदा समोर बसून घास खावा आणि कसा झालाय ते सांगावं. सख्ख्या भावाच्या नातीच्या लग्नात वन्संना पोटात जागा नाही म्हणता येणार नव्हतं.

मध्येच वादळ आलं. बेटावरची निम्मी घरं उघडी पडली. ओडिलियाचं छप्पर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडलं तेव्हा ती टेबलाखाली बरणी मांडीवर घेऊन बसली होती. लग्न पुढे ढकलावं असं सगळे म्हणाले. ब्रुकलिनहून मुलीचा फोन आला, की केकचं तरी मनावर घेऊ नकोस, शेजारच्या ग्रेनाडाहून पांढऱ्या क्रीमचा तयार मागवू. ओडिलिया म्हणाली, "क्रीमचा केक डोक्यावर घेऊन नाचणार कोण? तू?" आणि फोन ठेवला. निळ्या ताडपत्रीखाली राहून तिनं अंगणातली दगडी भट्टी आधी लिंपून घेतली. छप्पर त्यानंतर.

एझ्मिनाची भट्टी मात्र पार ढासळली होती. हे कळलं तेव्हा ओडिलियानं आपणहून निरोप धाडला, की माझ्या भट्टीत भाजा. लोकांना तो मनाचा मोठेपणा वाटला. तसलं काही नव्हतं. तिच्या केकसमोर नाचायला तोलामोलाचा केक हवा होता, आणि भट्टी नव्हती म्हणून हरले असं म्हणायला तिला एझ्मिनाला जागा ठेवायची नव्हती.

लग्नाच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी एझ्मिना जीपमधून उतरली, हातात मिश्रणाचं मोठं घमेलं. घरूनच सगळं कालवून आणलं होतं, म्हणजे ओडिलियाला काही बघायला मिळू नये. ओडिलियाचं अजून लोणी-साखर फेटणं चाललं होतं. दोघींनी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी केली. एझ्मिनानं घमेल्यावरचं फडकं काढलं, चमचा बुडवून चाटला आणि समाधानानं मान हलवली. मग ती लाकडं बघायला भट्टीकडे वळली. तेवढ्यात ओडिलियानं तिच्या घमेल्यात बोट बुडवलं. हे बरं दिसत नाही खरं, पण या धंद्यातली कुठलीही बाई तेच करते.

बोट तोंडात गेलं आणि ओडिलियाचं तोंड कडू झालं.

आमच्याकडे केक जेवढा काळा तेवढी घराची शान. तो काळेपणा येतो जाळलेल्या साखरेनं. साखर कढईत वितळते, लाल होते, काळी होते, धुरावते, आणि अगदी करपायच्या उंबरठ्यावर असताना पाणी ओतून तिला थांबवायचं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतो. क्षणभर उशीर झाला की सगळं कडू. नवख्या पोरी दर नाताळाला ही चूक करतात. एझ्मिनानं ती कधीच केली नव्हती. आणि आत्ताच तर तिनं चमचाभर चाटून मान हलवली होती.

ओडिलियानं बोट ॲप्रनला पुसलं. गप्प बसणं सोपं होतं. शनिवारी सगळं विंडवर्ड पहिल्या घासाला थुंकलं असतं, आणि आईच्या धुळीत पडलेल्या तुकड्याची फेड झाली असती. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. हिला चव कळत नाही. एवढी वर्षं जिची वाट पाहिली ती जीभच गेली, आणि बया सांगतही नाही.

तिनं आपल्या कढईतल्या काळ्या साखरेचा थेंब चमच्यात घेतला, नुसताच, आणि एझ्मिनासमोर धरला. "वन्सं, माझं जमलंय का बघा जरा." एझ्मिनानं चाटलं. "गोड आहे," ती म्हणाली. केकात ठीक, पण नुसतं चाटलं तर कडूपणानं डोळ्यांत पाणी यावं असलं ते प्रकरण.

"किती दिवस झाले?" ओडिलियानं विचारलं.

एझ्मिना लाकडं रचत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं होतील. ताप आला होता तेव्हापासून. वासही नाही आणि चवही नाही. हातांच्या सवयीवर करते." शेवटचं लाकूड ठेवून तिनं विचारलं, "कडू झालंय का?"

"विष झालंय."

"आता सांगत सुटशील गावभर."

"सांगायचं असतं तर गप्प बसले असते," ओडिलिया म्हणाली. "शनिवारी आपोआप कळलं असतं सगळ्यांना. चला, उठा. हे फेकायचं."

एझ्मिना उठेना. फळं सगळी त्यातच गेलीत, नवीन भिजवायला वर्ष लागतं, आणि उसन्या फळांवर केक करायला मी अजून मेले नाही, असं तिचं म्हणणं. ओडिलियानं वाद घातला नाही. तिनं बरणी आणली आणि मधोमध वाटणी केली. तीन मजल्यांचा बेत होता, आता दोघींचे दोन-दोनच होणार होते. वाटणी करताना तिचा जीव तुटत होता. प्रत्येक पळीला तिनं मनातल्या मनात एझ्मिनाला एक शिवी दिली. पण रडक्या केकसमोर नाचून जिंकण्यात कसली आली मजा? एझ्मिना हरायची तर तिचा चांगला केक हरायला हवा होता.

शेवटी एझ्मिना उठली. "साखर मीच जाळणार," तिनं बजावलं. "तुझं फक्त नाक दे."

दिवसभर दोघी एका चुलीशी. कढईवर एझ्मिना, शेजारी नाक पुढे करून ओडिलिया. "आता?" "नाही." "आता?" "थांबा हो, नाही अजून." "अगं, करपेल!" "ओता!" पाणी पडलं, धूर उसळला, दोघी खोकत मागे सरल्या. ओडिलियानं चाखून बघितलं. अगदी बरोबर जमलं होतं. तिचं स्वतःचं इतकं बरोबर कधी जमलं नव्हतं, आणि हे कबूल करायला तिला जड गेलं. दुपारनंतर केक भट्टीत गेले. एझ्मिना भाजत आलेल्या केकला कान लावून बसायची. आत चुरचुर ऐकू येतंय तोवर कच्चा, गप्प झाला की काढायचा. ओडिलियानं हे कधी केलं नव्हतं. तिनंही कान लावला.

शनिवारी ढोल वाजला, दोन्ही घरांच्या निशाणांची नाचता नाचता झुंज झाली, नवरीचं निशाण नवऱ्याच्या निशाणावर चढलं, आणि पांढऱ्या साखरेचा लेप दिलेले दोन केक डोक्यावर डुलत रस्त्यावर आले. एकही कण पडला नाही. ताडपत्रीच्या गावात सगळे नवे कपडे घालून नाचत होते. केक कापले गेले, बश्या फिरायला लागल्या. नेहमीप्रमाणे भांडणंही सुरू झाली. निम्मे म्हणत होते नवरीकडचा, निम्मे नवऱ्याकडचा.

ओडिलिया लांब बसून राहिली. एझ्मिनासमोर बशी धरायची, हा बेत तिनं मंगळवारीच सोडून दिला होता. जिला चव नाही तिच्याकडून काय वदवून घ्यायचं. पण जोसेटला यातलं काय ठाऊक. ती पांढरा झगा सावरत, बशी घेऊन थेट एझ्मिनासमोर उभी राहिली. "आजी, आज पोटात जागा नाही म्हणायचं नाही. खाऊन सांगा, कसा झालाय माझ्या आजीचा केक." भोवतालचे पुढे सरकले. हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

ओडिलियाला पुढचं सगळं आत्ताच दिसत होतं. आता ही म्हणणार छान आहे. सगळे टाळ्या वाजवणार. आणि तो शब्द खोटा आहे हे तिला एकटीला माहीत असणार, मरेपर्यंत. त्यापेक्षा कोंबड्यांना घातलेला परवडला.

एझ्मिनानं तुकडा आधी बोटांनी दाबून बघितला. मग खाल्ला, सावकाश, पूर्ण.

"छान आहे म्हणायला माझं काय जातं," ती म्हणाली. "पण मला कळत नाही. दोन वर्षं माझ्या तोंडाला चव नाही. तुम्ही माझ्याकडून केक करून घेता आणि मी अंदाजानं करून देते. या खेपेचा माझा कडू झाला होता. वहिनीनं सांगितलं, आपली फळं दिली, शेजारी उभी राहिली, म्हणून तुम्ही आज बोटं चाटताय." विंडवर्डचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. यानंतर आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे तिला कळत होतं. तिचा आवाज मात्र हलला नाही. "चव कळत होती तेव्हा मी हिचा केक माजापायी हिच्यासमोर खाल्ला नाही. आज खाल्ला तर काही सांगता येत नाही. चूक माझी." मग ती गर्दीतून लांब बघत म्हणाली, "वहिनी, इकडे ये. तूच सांग मला, कसा लागतो."

ओडिलिया उठली. एवढ्या वर्षांत तिनं एझ्मिनाला ऐकवायला किती काय काय ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. तिनं खुर्ची ओढली आणि एझ्मिनाला खेटून बसली. आपल्या केकचा एक तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि नीट, घाई न करता सांगायला लागली. आधी रम येते, ती नाकात जाते. मग मनुका. मागून जायफळ, आणि लिंबाच्या सालीचा वास.

"आणि?" एझ्मिनानं विचारलं. "एवढंच?"

ओडिलियानं डोळे उघडले. लोक ऐकत होते, जोसेट ऐकत होती. खोटं बोलायला हीच वेळ होती.

"लवंग जरा जास्त झालीय, वन्सं," ती म्हणाली.

एझ्मिनानं मान हलवली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी बशी पुढे केली.