नऊ वर्षे पुरलेली बंदूक

मंगळवार, १५ फेब्रुवारी १९६६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रतिलाल छगन पाटील आपल्या वर्कशॉपात ऑइल इंजिनाचा नोझल तपासत होते. पंपाचा दांडा दाबला की डिझेलचा फवारा धुक्यासारखा सुटायला हवा. तो धारेसारखा सुटत होता. त्यांनी नोझल फडक्यावर आपटला आणि शिवी दिली. शिवी नोझलला नव्हती. साडेआठला घरी पाहुणे यायचे होते.

पाहुणे म्हणजे तापीपलीकडचे शांतीलाल पाटील. नऊ वर्षांपूर्वी याच शांतीलालनी रतिलालच्या बहिणीशी, अनुसयाशी, आपल्या मुलाचा झालेला साखरपुडा मोडला होता. पुढे त्या मुलाचे दुसरीकडे लग्न झाले, दोन मुले झाली, बायको वारली. आता शांतीलालना तीच मुलगी त्याच मुलासाठी पुन्हा हवी होती. रतिलालची आई जसोदाबाई हो म्हणायला अधीर होत्या. रतिलालनी पाहुण्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे ठरवले होते. अनुसयाबाईंना दोघांनीही काही विचारले नव्हते.

साखरपुडा मोडला तो एका बंदुकीवरून. ती बंदूक या घरात कधीच नव्हती.

रतिलाल १९५१ साली हवाई दलात भरती झाले. ते आर्मरर होते. लढाऊ जेटच्या नाकाखाली बसवलेल्या तोफा साफ करायच्या, भरायच्या, पुन्हा जागेवर बसवायच्या हे त्यांचे काम. १९५७ साली त्यांच्या तुकडीतली काही विमाने टेहळणीसाठी बदलायची ठरली. टेहळणीचे विमान सहसा वेगळे जन्मत नाही. जगभर बहुतेक ठिकाणी हीच रीत: वेगाने आणि उंच उडणारे लढाऊ विमान घ्यायचे, त्याच्या तोफा उतरवायच्या आणि त्या जागी कॅमेरे बसवायचे. दारूगोळ्याच्या पेट्या निघाल्या की फिल्मला जागा होते. तोफा गेल्याने नाक हलके होते, तोल शेपटीकडे जातो. म्हणून पुढे वजन ठेवावे लागते. कॅमेऱ्यासाठी पत्रा कापून काचेची खिडकी करतात. असे विमान शत्रूच्या डोक्यावरून जाते, फोटो काढते आणि पळून येते. कोणी मागे लागले तर त्याच्याजवळ वेगाशिवाय काही नसते. रतिलालच्या मते तुकडीतल्या सर्वांत धीट वैमानिकांनाच ही विमाने मिळत.

त्याच वर्षी ते रजेवर गावी आले. काय चाललेय, असे कोणीतरी विचारले. कामावर तोफेला सगळे ‘गन’ म्हणत. ओट्यावर विमानाच्या तोफा उतरवल्याचे अहिराणीत सांगताना रतिलाल म्हणाले, “आम्हना विमाननी बंदूक काढी लिधी.”

तोफ म्हणाले असते तर निभावले असते. तोफ कोणाच्या घरात नसते. पण त्याच्या दोन वर्षे आधी या गावच्या पोलीस पाटलाने सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत मौजेखातर हवेत बार काढला होता. घोडे दावी तोडून पळाले, दोन माणसे तुडवली गेली, आणि सरकारने पाटलाची बंदूक काढून घेतली. तेव्हापासून पंगतीत हे पोलीस पाटील शेवटी बसत. या गावात ‘बंदूक काढी लिधी’ याचा एकच अर्थ उरला होता: नामुष्की.

“का करं रे भो तू?” ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला.

“मी काय करसू? हुकूम व्हता. मीच काढी.”

“तूच दी टाकी?”

लोक हसले. रतिलालही हसले, आणि रजा संपल्यावर निघून गेले. महिन्याभरात गोष्ट नदी ओलांडून गेली: छगन पाटलाच्या पोराची बंदूक सरकारने काढून घेतली, पोराने मुकाट्याने दिली. शांतीलालनी साखरपुड्याची साडी परत मागवली. कारण विचारायची तसदी घेतली नाही. मध्यस्थ म्हणवणारे, दोन्हीकडे जेवून गेलेले गृहस्थ तर या कामात तोंड उघडायलाच तयार नव्हते.

रतिलाल तातडीची रजा काढून आले आणि थेट शांतीलालच्या ओट्यावर गेले.

“बंदूक विमाननी काढी, मन्ही नही! ते फोटू काढनारं विमान शे.”

“फोटू?” शांतीलालनी जमलेल्यांकडे पाहिले. “लगीनमा काढतस तसा?”

“दुश्मनना फोटू, काका.”

“मंग दुश्मन हासत उभा ऱ्हास का रे?” ओटाभर हशा पिकला. “बिगर बंदूकना शिपाई म्हंजे रामलीलाना राक्षस. जाय भो, घर जाय.”

कोणते विमान, कुठे उडते, काय टिपते, हे सांगायची रतिलालना बंदी होती. त्यांनी पुढ्यातली चहाची बशी शांतीलालच्या धोतरावर फेकली. होती नव्हती ती आशाही तिथेच संपली.

नोकरीची मुदत पूर्ण झाल्यावर १९६१ साली ते परतले आणि त्यांनी वर्कशॉप काढले. काठाकाठाच्या केळीच्या मळ्यांतली इंजिने त्यांच्याकडे येतात. शांतीलालच्या इंजिनाला मात्र त्यांनी आजवर हात लावलेला नाही. रस्त्यात भेट झाली तर रस्ता बदलत नाहीत. उभे राहून बघतात. जसोदाबाई सांगतात, “याना राग जेवाले बी संगे बठस.”

गेल्या वर्षी लढाई झाली. मिरची विकायला नंदुरबारला गेलेल्या शांतीलालनी एका दुकानात एका निवृत्त सुभेदाराच्या तोंडून ऐकले, की फोटो काढणारी विमाने आधी जातात आणि ती बहुधा निःशस्त्र असतात. त्यांना एवढे पुरले. माफी मागायला ते आले नाहीत, मागणी घालायला आले.

साडेआठला ते आले. रतिलाल हातातला पाना न ठेवताच दारात उभे होते. जसोदाबाईंनी त्यांना बाजूला सारले आणि घोंगडी अंथरली.

“जुनं जाऊ द्या,” शांतीलाल म्हणाले. “तवय आम्हले कळनं नही. आते कळनं, रतीभाऊ मोठा शूर...”

“नऊ वरीस लागनात?” रतिलाल ओरडले. “मन्ही बंदूक, मन्ही इज्जत, आनि तुम्ही...”

“तू गप ऱ्हाय, भाऊ.” अनुसयाबाई शाळेला जायच्या तयारीने आतून आल्या. साखरपुडा मोडल्यावर धुळ्याला ट्रेनिंग करून त्या गावच्याच शाळेत शिक्षिका झाल्या होत्या. “नऊ वरीस तेच आयकी ऱ्हायनू. तुन्ही बंदूक, तुन्हं विमान, तुन्ही इज्जत. साखरपुडा मन्हा व्हता.”

मग त्या शांतीलालकडे वळल्या.

“आनि काका, तवय माले कोनी विचारं नही. आज बी विचारं नही. तरी आयकी ल्या: नही.”

“पोरी, अठ्ठावीसनी व्हयनी तू आते.”

“मोजता येस माले. पहिलीना पोऱ्यासले तेच शिकाडस.”

जसोदाबाई रडू लागल्या. शांतीलाल उठले, उपरणे झटकले, आणि असल्या मुली घरात आणून कोणाचे भले झालेय, असे काहीसे म्हणत बैलगाडीत बसले. रतिलाल त्यांच्यामागे दोन पावले गेले. अनुसयाबाईंनी नुसते पाहिले, तसे थांबले. वर्कशॉपात परत येऊन ते दुपारपर्यंत तोच नोझल तपासत बसले. ते रागावलेलेच होते. पण शांतीलालवर की आणखी कोणावर, हे कळत नव्हते.

उद्या बुधवार. शाळा साडेदहाला भरते. पहिलीची हजेरी अनुसयाबाई छगन पाटील घेतील.