स्कॉट मास्तरांची रिकामी तीन वर्षं

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीची स्मरणिका निघणार होती आणि छपाईआधी ती तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. एकदाच घेतलेला आकडा मी लिहीत नाही, दोनदा घेतो. घरात याची चेष्टा होते.

बाराव्या पानावर अडलो. मथळा होता, 'आमचे स्कॉटिश गुरू'. शेजारी तालमीच्याच फुटबॉल संघाचा, भिंतीवरचा जुना फोटो. अकरा खेळाडू, आणि कडेला रुंद काठाची टोपी घातलेला, गळ्यात रुमाल बांधलेला एक माणूस. तालमीत सगळे त्याला स्कॉट मास्तर म्हणत आलेत. लेख सचिवांचा होता. त्यांनी नेटवरून एक जुना स्कॉटिश खेळाडू शोधला होता. ग्लासगोच्या गोदीत काम करता करता खेळणारा, मग बोटीनं अर्जेंटिनाला गेलेला. तिथे पाच हंगाम, पुढे स्पेनमध्ये प्रशिक्षक. अर्जेंटिना सोडल्यापासून स्पेनला पोचेपर्यंत तीन वर्षं तो कुठे होता, याची नोंद कुठेच नाही. त्या रिकाम्या तीन वर्षांत सचिवांनी कोल्हापूर बसवलं होतं.

फोटोतला गोलकीपर म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील. लेखात ते 'मास्तरांचे पहिले शिष्य' होते आणि त्या नात्यानं सासऱ्यांचा समारंभात सत्कार ठरला होता. सासरे एक्याऐंशी वर्षांचे. फुटबॉलवेड्या पेठेत जन्म काढून कधी बॉलला पाय न लावलेला माणूस. वडिलांबद्दल त्यांना कुणी काही विचारलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. पंधरा दिवस आधीच त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता.

मास्तर इथं किती काळ होते, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, दोन वर्षं. चार दिवसांनी सहज बोलता बोलता पुन्हा विचारलं, तर पाच झाली. रिकामी वर्षं तीनच होती. तेव्हापासून मला चैन पडेना.

लेखात त्या खेळाडूची उंची सहा फूट दोन इंच दिली होती. फोटोत पुढे बॉल ठेवलेला होता, आणि बॉलचा व्यास साधारण बावीस सेंटिमीटर. मी पट्टी लावली. मास्तर पाच फूट चार इंच भरले. बॉल पुढे आणि मास्तर मागे, म्हणून तीन इंच वाढवून धरले, तरी स्कॉटलंड गाठत नव्हते. गोरेपणाचंही तेच. फोटो काळा-पांढरा, आणि त्यात मास्तर गोलकीपरपेक्षा जेमतेम उजळ. मास्तर गोरे, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. बघितलेलं कुणीच नव्हतं.

रविवारी सकाळी तालमीत जाऊन फोटो खाली घ्यायला लावला. सचिव हसत म्हणाले, "काका, इन्कम टॅक्सची धाड हाय व्हय?" काचेतून फोटोखालची ओळ अर्धीच वाचता यायची. 'स्का', मग किडीनं खाल्लेलं भोक, मग 'ट मास्तर'. चौकट उघडून फोटो उलटा केला. मागे त्याच हस्ताक्षरात सगळ्यांची नावं होती आणि शेवटी ओळ होती, 'स्काऊट मास्तर, मु. मलकापूर'.

कुठल्याशा शाळेच्या स्काऊट पथकाचे मास्तर. गळ्यातला रुमाल आम्ही सगळ्यांनी शंभरदा पाहिला असेल.

सचिवांचं हसू गेलं. एका अक्षरानं काय होतंय, फोटो उलटा करून कोण बघायला येतंय, असं ते म्हणाले. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की पान गेलं तर सत्कारही गेला, आणि ते सासऱ्यांना मीच सांगायचं.

संध्याकाळी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांना नवल वाटलं नाही. तिथेच माझा संशय पक्का झाला. तुम्हाला हे माहीत होतं का, असं मी सरळ विचारलं.

"पावणं, आमचं बाबा स्काट मास्तर म्हणायचं. स्काट म्हंजे काय, ते मी कधी इचारलं न्हाय. ह्या पोरांनी स्कॉटलंड काढलं, मी गप बसलो."

"का?"

"शाळंचा मास्तर म्हटलं असतं, तर माझ्या दारात आलं असतं का कोण?"

घरी आल्यावर दार उघडता उघडता बायको म्हणाली, "एक अक्षर गाळलं असतं तर धरण फुटणार होतं काय?"

मी लेख काढून टाकला. फोटो ठेवला आणि त्याखाली मागची ओळ पूर्ण दिली. फोटो पाव पानात छापला गेला. सत्काराच्या यादीत सासऱ्यांचं नाव नव्हतं आणि ते समारंभाला आलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते स्मरणिका घेऊन आमच्याकडे आले. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "मलकापूरला जाऊया. मास्तराचं घर घावतंय का बघू. आमच्या बाबांला कुणी शिकवलं, ते खरं तरी कळू दे."

येत्या रविवारी जायचं ठरलंय. काल चहा घेताना त्यांनी मास्तरांच्या दोन आठवणी सांगितल्या. मास्तर म्हणे खेळाडूंवर कधी आवाज चढवत नसत, आणि सरावाला येताना मलकापूरहून फणस आणत. वडिलांकडूनच ऐकलंय म्हणाले. मी बावीस वर्षं त्या घरचा जावई आहे. यातली एकही मी आधी ऐकलेली नाही.