मागच्या दाराने येणाऱ्या वहिनी

मी नाशिकला शिकायला निघाले त्या सकाळी आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि ट्रंक उचलून ती मागच्या दाराकडे वळली. पुढच्या ओट्यावर वडील तोंड फिरवून बसले होते. त्यांच्यासमोरून जाण्यापेक्षा परसातून, कांद्याच्या चाळीमागून गुपचूप फाटा गाठावा, असं तिला वाटलं असावं. पण मागच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी चौकटीवर हात ठेवून वाट अडवली.

"जाताना पुढच्या दाराने जायचं. सगळ्यांच्या देखत. येताना मग कुठूनही ये."

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. भाऊ चांदवडकडच्या आमच्या गावचे, आणि आमदार. त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी, आईच्याही, माझ्याही. भाऊ कुणाकडे गेले की पुढच्या खोलीत सतरंजी पडे, चहा येई, सरपंच म्हणत, "गावात सगळं बेस हाय." त्याच वेळी वहिनी घराला वळसा घालून परसात शिरत. तिथे बाया भांडी घासत असत, कोंबड्यांना दाणे टाकत असत. वहिनी पदर खोचून उकिडव्या बसत आणि भांडी विसळायला घेत. हातात भांडं असलं की बायका बोलतात, हे त्यांना माहीत होतं. हापसा महिनाभर बंद आहे, शाळेत पोरींना आडोसा नाही, अमक्याची सून माहेरी का गेली, सगळं तिथे कळे. मग आठवडाभरात हापसा दुरुस्त होई आणि सरपंच आपल्या अर्जाचं कौतुक करत फिरत. विरोधी पक्षाचे लोक त्यांना 'मागच्या दाराची आमदारीण' म्हणत. त्या हसत. "खरंच आहे की," म्हणत.

माझ्या शिक्षणाचा निकालही परसातच लागला. बारावी झाली, आता पुरे, असं वडिलांनी भाऊंसमोर सांगून टाकलं होतं. आई मागे राखेने पातेलं घासत होती. "पोरीला लय शिकायचंय वो वहिनी. पण ह्यास्नी कोण सांगनार?"

मला वाटलं, आता वहिनी भाऊंना डोळ्याने खुणावतील आणि काम होईल. त्या म्हणाल्या, "तू सांग, गोदा. मी आहे ना इथे."

आई कितीतरी वेळ पातेलं घासत राहिली. मग हात न धुताच उठली आणि इतक्या पुरुषांत पहिल्यांदाच पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली. "पोरगी नाशकाला जाईल," एवढंच बोलली. तिच्या कोपरापर्यंत राख होती. वडील भाऊंकडे बघत राहिले. भाऊ चहाच्या कपात बघत राहिले.

नाशिकला मी शिकले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, इथेच लग्न झालं. गाव जेमतेम दोन तासांवर, तरी हळूहळू ते फक्त लग्नकार्यापुरतं उरलं. आई गेली, मग वडील गेले, माझ्या भावाने आमचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आला. वॉचमन, इंटरकॉम, महिन्याचा मेंटेनन्स. तुमच्यापैकी जे असेच निघाले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. माणूस एकदम जात नाही. एकेका दिवाळीने जातो.

भाऊ निवडणूक हरले, पुढे वारले. जिल्हा परिषदेत महिलांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा वहिनींना उभं राहण्याचा खूप आग्रह झाला. त्यांनी दुसऱ्याच एका बाईला उभं केलं. "मी खुर्चीवर बसले तर लोक मला पुढच्या दाराने घेतील," म्हणाल्या. फिरणं मात्र थांबलं नाही. एकदा गावातल्या कुणा सुनेला सिव्हिल हॉस्पिटलला आणलं होतं, तेव्हा माझ्याकडे आल्या. गुडघे धरत जिना चढल्या, कारण लिफ्टची भीती. घरभर फिरल्या आणि विचारलं, "मागचं दार कुठाय गं?"

"फ्लॅटला नसतं, वहिनी."

"मग शेजारीण कुठून येते?"

"फोन करून येते."

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी पालथ्या बादलीवर बसून त्यांनी चहा घेतला. "हेच तुझं परस," म्हणाल्या. त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या बादलीवर बसून होते.

त्या वारल्याचं माझ्या भावाने फोनवर सांगितलं. पोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. भाऊंच्या घरासमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, फ्लेक्सवर भाऊंचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात वहिनी. एक कार्यकर्ता धावत आला. "मॅडम, नाशिकहून ना? बसा इथं, व्हीआयपीत." हातात पाण्याची बाटली दिली. भाषणं सुरू होती. प्रत्येक जण वहिनींपासून सुरू करून भाऊंवर येत होता. मी थकले होते, प्रवासाने नाही. ज्या गावात भावाखेरीज मला ओळखणारं शेवटचं माणूस गेलं, तिथे मी बाटली धरून पाहुणी म्हणून बसले होते. पुढची एसटी किती वाजता, हा विचार मनात आला, आणि तोच नकोसा झाला.

मी उठले आणि घराला वळसा घातला.

मागचं दार सताड उघडं होतं. परस बायांनी भरलेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जिने तिने आपापल्या घरून पिठलं-भाकरी आणली होती. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "पुढं काय चाललंय गं?"

"भाऊ लय मोठे होते म्हणतायत."

"व्हतेच. भांडी कुनी घासली, ते नाय सांगत कुनी?"

कुणी हसलं, आणि हसता हसता दोघीतिघी रडायला लागल्या. म्हातारीने डोळे बारीक करून मला निरखलं. "कुनाची गं तू?"

"गोदाबाईची. नाशिकला असते."

"गोदीची? मंग उभी काय ऱ्हायलीस पाव्हन्यावानी? ते पातेलं घे."

मी बाटली भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि उकिडवी बसले. कुणीतरी राखेची करवंटी माझ्याकडे सरकवली.