पिशवी ठेवून घेणाऱ्या अक्का

अक्कांचा माणसांवर विश्वास नव्हता आणि पिशव्यांवर तर मुळीच नव्हता. साताऱ्यातल्या आमच्या लहानशा संग्रहालयाच्या दाराशी त्या बसायच्या. आत जाणाऱ्याने पिशवी त्यांच्या हवाली करायची, बिल्ला घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचे. "तोंड धुऊन येत्यात समदी. पिशवी कोन धुतंय?" असे म्हणत त्या प्रत्येक पिशवी हाताने जोखत.

मी तिथला मार्गदर्शक. संध्याकाळी घरी निघताना माझा जेवणाचा डबासुद्धा त्या उघडून बघायच्या. "अहो अक्का, यात तोफ मावेल का?" असे मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "तोफ न्हाई, पर नाणी मावत्यात."

एका दुपारी माधवनगरचे एक निवृत्त मास्तर आले. बायको पाणी प्यायला मागे थांबली होती. मास्तरांना दरदरून घाम फुटलेला, पाय लटपटत होते, जीभ अडखळत होती आणि हातातली पिशवी काही सोडवत नव्हती. अक्कांनी नाक मुरडले. "पिऊन आलाय गडी. बाटली आसंल आत." पिशवी ओढून घेऊन त्यांनी कपाटात टाकली आणि कुलूप घातले.

मास्तर तलवारींच्या दालनापर्यंत कसेबसे पोचले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. भलतेच बरळू लागले. आमची प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर आत थोडा कापूस आणि वाळून गेलेले मलम. तेवढ्यात मास्तरांच्या बाई धावत आल्या. "आवं, ह्यांची पिशवी कुठं हाय? साखर उतरलीया ह्यांची! ग्लुकोज हाय त्यात!" अक्का पळाल्या. घाईत दोनदा चुकीची किल्ली लावली, तेव्हा कुठे कपाट उघडले. मास्तरांना अजून गिळता येत होते, म्हणून निभावले. ग्लुकोजचे पाणी पोटात गेल्यावर हळूहळू नजर ठिकाणावर आली आणि त्यांनी पहिल्यांदा काय विचारले, तर "माझा चष्मा?" आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत, त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

तेव्हापासून त्यांचा संशय वाढलाच. "आजार कंचा? लपवू नगा," असे त्या धडधाकट पैलवानालाही दरडावत. दम्याचा पंप, गोळ्या, साखरेची पुडी ज्याच्या त्याच्या खिशात गेल्याशिवाय बिल्ला मिळत नसे. औषधांची पेटी रोज सकाळी उघडून बघत आणि नवी औषधे आणणाऱ्याची उलटतपासणी घेत. बाई खासगी चौकशा करतात, अशा तक्रारी वर गेल्या. साहेबांनी नोकरीची भीती घातली, तेव्हा म्हणाल्या, "काडून टाका सायेब. पर इचारल्याबिगर पिशवी घ्याची न्हाई म्या."

काढले कुणी नाही. पुढे वयाने निवृत्त झाल्या, तेव्हा त्याच साहेबांनी निरोपाच्या भाषणात त्यांच्या दक्षतेचे तोंडभरून कौतुक केले. अक्का मध्येच उठल्या. "कवतिक नगा करू. त्या मास्तरची पिशवी म्याच वडली हुती," म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडू लागल्या.

आता तिथे एक हसतमुख बाई बसतात. गोड बोलतात, पिशवी घेतात, बिल्ला देतात, कुणाला काही विचारत नाहीत. मला त्यांची धास्तीच वाटते. म्हणून हल्ली मीच दाराशी उभा राहून येणाऱ्याला विचारतो, "पिशवीत औषध आहे का?" लोक माझ्याकडे चोराकडे बघावे तसे बघतात. बघू देत.